हुकमापुरती स्पॅनिश

मंगलला स्पॅनिश येत होती, पण "मोटार गरम झाली आहे" एवढं साधं वाक्य काही तिला त्या भाषेत सांगता यायचं नाही. ती सांगायची, "हात लावू नकोस त्याला." "पाऊस येईलसं दिसतंय" हेही जमायचं नाही. मग ती म्हणायची, "उचल ते." जगात काय आहे, काय झालं, काय होईल, याला तिच्या स्पॅनिशमध्ये जागाच नव्हती. तिथे होते फक्त हुकूम. आण, दे, धू, बस, खा, सोड. आणि हे हुकूम सोडणारी बाई कोण, तर जिच्या तोंडून मराठीत कुणी "मला पाणी दे" एवढंसुद्धा ऐकलं नव्हतं. मला आधीच नसत्या चौकशांची सवय. असं काही दिसलं की मला स्वस्थ बसवत नाही.

पारनेरच्या बाहेर माळावर डाळिंबाचा एक कारखाना आहे. डाळिंबं फोडायची, दाणे सुटे करायचे, धुऊन निवडून गोठवायचे आणि परदेशी पाठवायचे. मी तिथे क्वालिटी बघायचे. म्हणजे दिवसभर लोकांच्या नखांवर, टोप्यांवर आणि हातमोज्यांवर करवादायचं, असं ते काम. सगळे मला बाई म्हणायचे. मंगल दाणे निवडणाऱ्या बायकांत होती. डोक्याला कारखान्याची निळी जाळीची टोपी आणि त्या टोपीवरून पदर. हे नियमात बसत नव्हतं. मी रोज बोलायचे, ती रोज "व्हय बाई" म्हणायची, आणि पदर आपला होता तिथेच.

"अगं, टोपी कशासाठी दिलीय मग?"

"टोपी कारखान्याची हाय बाई. पदर घरचा."

एकदा फळं फोडायची नवी मशीन स्पेनहून आली. ती बसवायला पाको नावाचा तिकडचा माणूस आला. दांडगा, टकला, हसरा आणि घामाघूम. पुण्याहून एक दुभाषी गृहस्थ येत होते, पण रोजचा प्रवास आणि इथली धूळ त्यांना मानवली नाही. त्यांचं येणं बंद झालं आणि पाको खाणाखुणांवर आला. पाकोचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांची तर ओळखसुद्धा नव्हती.

तर एका दुपारी जेवणाच्या शेडमध्ये पाको ग्रीसने बरबटलेले हात तसेच भाकरीकडे नेत होता. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "लावातेलास!"

पाको ताडकन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले. पन्नाशीचा बाप्या, पण चेहरा चोरी सापडलेल्या पोराचा! मग मागे वळून बघतो, तर भिंतीशी बसलेल्या बायकांत मंगल. तोंडावर हात घट्ट दाबलेला, डोळे मोठे झालेले.

"तोंडातनं निसटलं हो बाई," ती मला म्हणाली. "हात धुवायचं ऱ्हायलं का मादरे असंच वरडायची."

"कोण मादरे? आणि हे काय बोललीस तू?"

"धुऊन घे ते, असं."

पाको आधी हात धुऊन आला आणि मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. लहानपणी त्याच्या शाळेतही अशीच एक नन होती, अगदी हाच आवाज, हे त्याने खाणाखुणांनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मालकांनी मंगलला निवडीच्या टेबलावरून उठवलं आणि पाकोच्या शेजारी उभं केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

ही मंगल खर्ड्याकडची. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, म्हणून पोरीला नन लोकांच्या वसतिगृहात ठेवलेलं. तिथलं स्वयंपाकघर आणि भाजीचा वाफा एका म्हाताऱ्या स्पॅनिश सिस्टरच्या ताब्यात. पोरी तिला मादरे म्हणायच्या. तिला मराठी यायची, पण ती प्रार्थनेपुरती आणि आल्यागेल्यापुरती. कामाची घाई झाली की ती थेट आपल्या भाषेत घुसायची.

"तिनं बसवून असं कधी शिकवलंच न्हाई," मंगल सांगायची. "बादलीकडं बोट करायची, 'त्राएमेलो!' मंजी मला आनून दे ते. भलतंच काय आनलं का परत धाडायची. चार येळा गेलं का आपुआप कळायचं."

"मारायची का ग?"

"छ्या! उलट जीव लावायची. पन त्यो बी हुकूम सोडूनच. 'कोमेतेलो' म्हनायची, खाऊन टाक ते, आन सोताच्या ताटातलं काढून घालायची."

म्हणून मंगलला हुकूम तेवढे आले. बाकीची भाषा मादरे ज्या मोठ्या माणसांशी बोलायची, त्यांच्याकडेच राहिली.

मला त्या शब्दांची मोठी गंमत वाटायची. एवढासा शब्द, आणि त्यात 'दे', 'मला' आणि 'ते' असा सगळा संसार मावतो कसा? एकदा चहाच्या वेळी मी तिला बसवूनच घेतलं.

"मावतोय की," ती म्हणाली. "ऊसाचा ट्रॅक्टर बघा तुमी. इंजान पुढं, मागं दोन ट्राल्या. 'दा' मंजी दे, ते इंजान. पयली ट्राली मानसाची, दुसरी वस्तूची. दा-मे-लो. दे, मला, ते."

"आणि ट्राल्या उलट्या जोडल्या तर?"

"मादरे हातात काय द्यायचीच न्हाई. आदी कुनाला ते सांग, मग काय ते."

"बरं, आणि 'नको देऊ' म्हणायचं असलं तर?"

"तवा ट्राल्या पुढं आन इंजान मागं."

"असं का?"

"आता ते मला काय म्हाईत बाई! नको म्हनायला जोर लागत आसंल. ढकलायच्या आसत्याल मागून." आणि स्वतःच खुदकन हसली.

मी घरी जाताना एसटीत ते पुटपुटत गेले. दामेलो, दामेलो. शेजारची बाई सरकून बसली.

पण खरी गंमत पुढेच आहे. मशीनपाशी मंगल पाकोपुढे तळवा पसरायची आणि म्हणायची, "दामेलो." पाको मुकाट्याने पाना हातात द्यायचा. हीच मंगल चहाची किटली आली की कोपऱ्यात उभी. सगळ्यांचे कप भरून होईपर्यंत तोंडातून ब्र नाही. शेवटी विचारायची काय, तर "उरलाय का जरा?"

माझं टाळकं सरकायचं. "अगं, मला दे म्हण की! त्या टकल्याला म्हणतेस ना?"

"त्ये येगळं बाई. हिकडं न्हाई जमत."

इकडं का जमत नाही, ते कळायला तात्यांना बघायला हवं. तात्या म्हणजे तिचे सासरे. साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून आमच्याकडे लाइनवर लागले. मशीनच्या तोंडाशी त्यांची जागा. धोतर सुटलं आणि पँट आली, पण टोपी पांढरी. तीवरून निळी जाळी. एकूण त्या घरात कारखान्याच्या टोपीला स्वतंत्र जागा म्हणून मिळाली नाही ती नाहीच. माणूस सज्जन, कामाला वाघ, बोलायला गोड. फक्त त्यांच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे, आणि सासराही सुनेशी नाही.

आजच्या काळात? हो, आजच्या काळात. तात्यांच्या खिशात मोबाईल होता. घरच्या ग्रुपवर ते रोज गुलाबाच्या फुलांचं सुप्रभात टाकायचे. मंगल त्याखाली जोडलेले हात टाकायची. दोघांचं बोलणं ते तेवढंच. बाकी सगळं बाळूमार्फत. बाळू म्हणजे तिचा नवरा, टेम्पो चालवायचा, भला माणूस. तात्यांनी "तिला म्हनावं, जाऊ दे कामाला, पन चारचौघांत मर्यादा सुटाय नको," असं सांगितलं तेही बाळूला, मंगल दाराआड उभी असताना.

आता कारखान्यात बाळू नव्हता. पाकोला तात्यांशी बोलायचं, तर दुभाषी मंगल. आणि मंगलला तात्यांशी बोलायचं तर? तर मी! पाको काहीतरी सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "दीसेलो." सांग त्याला ते. मंगल पदर सावरून माझ्याकडे वळायची. "बाई, त्यांना सांगा, पट्टा जरा हळू करा म्हनावं, जमलं तर." पाकोच्या हुकमाला मराठीत येताना असे 'जरा' आणि 'जमलं तर' चिकटायचे. मी तात्यांकडे वळायचे. तात्या हातभर अंतरावर उभे, सगळं कानाने ऐकलेले. तरी माझं बोलणं संपेपर्यंत थांबायचे आणि म्हणायचे, "व्हय बाई. ऐकलं म्हनून सांगा तिला."

पाको चक्रावून आमच्या तोंडांकडे बघायचा. एकदा त्याने हातवारे करून मंगलला विचारलंच, की हा म्हातारा बहिरा आहे का? आता मर्यादा म्हणजे काय हे हुकमांच्या भाषेत सांगायचं कसं? मंगलने थोडा विचार केला आणि म्हणाली, "देहालो." सोड ते, राहू दे. पाकोने सोडलं, पण त्याच्या डोळ्यांतलं कोडं काही गेलं नाही. माझ्याही कुठे गेलं होतं? मी तर मधल्या खांबासारखी उभी, दोन्हीकडून तार ताणलेली.

मशीन रुळली तसा पाकोचा परतायचा दिवस जवळ आला. त्याने पुण्याच्या दुभाष्यांना फोनवर मधे घेऊन मालकांना गळ घातली, की मशीनची देखभाल शिकायला कुणाला तरी महिनाभर स्पेनला धाडा, आणि ती मंगलच असू दे. तिला मशीन कळते, तिचं बोलणं तिकडच्या फिटरांना कळेल, उरलेली भाषाही तिथे शिकेल. मालक तयार. पासपोर्ट झाला, बाकीची कागदपत्रं झाली. अडलं ते घरच्या होकारावर. बाळू म्हणाला, "माझं काय न्हाई. तात्यांना इचार." वर असंही म्हणाला, की एवढी मोठी गोष्ट मधल्या माणसाने सांगायची नसते, ज्याची त्याने विचारावी.

मंगल माझ्याकडे आली. "बाई, तुमीच सांगा ना त्यांना."

"जायचंय का तुला?"

तिने इकडेतिकडे बघितलं. "लई जायचंय," ती म्हणाली. असं ठाम मराठी तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "मादरे फोटू दावायची तिकडलं. लिंबा-संत्र्याच्या बागा, रस्त्याला बी झाडं. मला एकदा बघायचंय तिचं गाव कसं आसंल. आन बोलायला शिकायचंय बाई. नुसतं दे-घे न्हाई. गप्पा मारायला."

माझा जीव कळवळला, खोटं कशाला सांगू? पण बाळूचं मलाही पटलं होतं. "पट्टा हळू करा, हे सांगीन मी. हे नाही सांगणार. हे तुझं तू विचार."

"कसं इचारू? तोंडच उघडत न्हाई त्यांच्याम्होरं."

दिवस चालले. ती रोज ठरवून यायची आणि रोज तशीच घरी जायची.

आणि एका दुपारी ते झालं. मी दाण्यांचा नमुना घेऊन धुण्याच्या टाकीपलीकडे उभी होते. मधे मशीनचा नुसता गदारोळ. तात्यांच्या बाजूला रोलरमध्ये क्रेट बांधायची सुतळी अडकली होती. मशीन बंद न करता ते ती हाताने ओढत होते. साखर कारखान्यातली जुनी सवय. सुतळी उलटी फिरली आणि त्यांच्या हातमोज्याला वेढा बसला. ते सोडेनात, उलट अजून जोरात ओढू लागले. वरच्या फळीवरून पाको ओरडला, "सुएल्तालो!" मग मंगलकडे बघून, "दीसेलो! दीसेलो!"

मंगल सवयीने माझ्याकडे वळली. मी टाकीपलीकडे, हातात ट्रे. मी काय ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही. ती माझ्याकडे बघतेय आणि तिकडे तात्यांचा हात रोलरकडे चाललाय, हे मला आजही दिसतं.

मग ती गर्रकन वळली.

"तात्या, सोड! सोड ते! हात काढ!"

तात्यांची बोटं उघडली. हातमोजा सुतळीसकट आत गेला आणि हात बाहेर राहिला. कुणीतरी लाल बटण दाबलं. मशीन थांबली आणि शेडमध्ये अशी शांतता झाली, की टाकीतलं पाणी ऐकू यायला लागलं.

माझा जीव भांड्यात पडला. पण आजूबाजूला बघते, तर तात्यांच्या हाताकडे कुणाचं लक्षच नाही. सगळे मंगलकडे बघतायत. सुनेने सासऱ्याला हाक मारली, तीही तोंडावर, आणि वर अरेतुरे केलं. तिचा पदर खांद्यावर आला होता. तात्यांनी एकदा हाताकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि नळावर गेले.

मंगल क्रेटवर बसली. "संपलं बाई," ती म्हणाली. "आता कशाचं स्पेन."

"अगं बये, हात वाचवलास तू त्यांचा!"

"हात वाचला. पन घराची मर्यादा घालीवली ना चारचौघांत."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तात्या आले. चहाच्या सुट्टीत माझ्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. आत कधी यायचे नाहीत.

"तात्या, ती मुद्दाम नाही हो बोलली. घाईत..."

"बाई," त्यांनी मला थांबवलं. "आमची म्हातारी व्हती, माझी आय. ती गेल्यापास्नं मला कुनी 'हात काढ' म्हनलं न्हाई. सगळी तात्या, बसा. तात्या, खावा. काल त्ये ऐकलं आन हात आपुआप सुटला बगा. इचार करायच्या आदी."

मी इतकंच म्हटलं, "मग हे मंगलला सांगू का?"

"नको. तुमी आता मधी पडू नका."

मी चरफडले. हे रागाने म्हणाले की कशाने, तेही चेहऱ्यावरून कळेना. मंगल एका दिवसाने कामावर आली. पदर टोपीवरून, आणखीच पुढे ओढलेला. तेव्हापासून दोघांनीही माझ्यामार्फत बोलणं टाकलं. पाको "दीसेलो" म्हणाला, की मंगल नुसती तात्यांच्या दिशेला बघायची आणि तात्या आपणहून पट्टा हळू करायचे. मी तिला खोदून खोदून विचारलं, "काही बोलले का घरी?" ती मान हलवायची. नाही. "तू विचारलंस का?" नाही. "अगं, तिकीट निघालंय!" तिचे डोळे भरून यायचे आणि मला माझ्याच जिभेचा राग यायचा.

निघायच्या दिवशी सकाळी मुंबईला न्यायला गाडी फाटकाशी उभी होती. पाको आत बसलेला. मी मुद्दाम लवकर गेले होते. मंगलचा पत्ता नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला. पाकोने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघून खांदे उडवले. मला त्या तात्यांचा असा राग आला म्हणून सांगू! मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोलून घेतलं.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर बाळूचा टेम्पो थांबला. तिघं उतरली. बाळू टेम्पोपाशीच राहिला. तात्या पुढे, त्यांच्या हातात तिची मोठी बॅग. न विचारताच होकार आला होता तर! मंगल मागे, दहा पावलं सोडून, खाली मान घालून. तिला नवी साडी होती. त्यांच्याबरोबर निघाली की ती तशीच चालायची, सून सासऱ्याच्या पुढे जात नाही. फाटकाच्या जरा अलीकडे ती थांबली.

"तात्या," ती म्हणाली. आवाज बारीक, पण स्पष्ट. "द्या ती बॅग माझ्याकडं."

तात्या थांबले. मागे वळले.

"ऱ्हाऊ दे. जड हाय ती," ते तिला म्हणाले. मला नाही, बाळूला नाही, तिला. "तू हो पुढं. तुजी गाडी हाय."

ती जागची हलेना.

"हो की पुढं!"

मग ती निघाली. तात्यांच्या बाजूने, त्यांना मागे टाकून, फाटकाशी, गाडीशी. तात्या बॅग घेऊन तिच्या मागून आले. बॅग त्यांनीच डिकीत ठेवली, ड्रायव्हरला हात लावू दिला नाही. मंगल गाडीत बसली. बाळूने लांबून हात हलवला. काच खाली होती. तात्या खिडकीशी वाकले.

"पोचलीस का फोन कर," ते म्हणाले. "बाळ्याला नको. मला कर."

पुढे मी नाशिकला दुसऱ्या कारखान्यात गेले. ती परत आली, मशीन आता तीच बघते, असं कानावर येतं. पण मी तिला शेवटचं बघितलं ते त्या सकाळी. पदर डोक्यावरून सरकला होता आणि तिने तो सावरला नव्हता. ती सरळ तात्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"तुमालाच करते," ती म्हणाली, आणि गाडी निघाली.